गरोदर बाईला भीती कशाची वाटते, हेही विचारा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत मज्जासंस्थेच्या गंभीर आजारांवर अलीकडे एक लेख आला होता. स्नायू आपोआप फडफडणे, हातापायांना मुंग्या येणे, वस्तू हातातून निसटणे, चेहरा एका बाजूला ओढला जाणे अशी लक्षणांची यादी चौकटीत दिली होती आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'दुर्लक्ष करू नका'. यादीत चुकीचं काहीच नव्हतं. पण तिच्यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट गरोदरपणात कोणताही मोठा आजार नसलेल्या बाईलाही होऊ शकते, आणि त्याबद्दल लेखात एक ओळही नव्हती. ती ओळ नसली की एखाद्या घरात काय घडतं, ते मी भोगलं आहे, म्हणून हे पत्र.

मी शाळेत गणित शिकवते. पहिल्या खेपेला पाचवा महिना चालू होता. रात्री वह्या तपासत बसले असताना डाव्या पायाची पोटरी उडायला लागली. दुखत नव्हतं. कातडीखाली काहीतरी वळवळल्यासारखं दिसायचं, थांबायचं, पुन्हा सुरू व्हायचं. पुढच्या काही दिवसांत ते मांडीत आलं, पापणीत आलं, हाताच्या अंगठ्याच्या मुळाशी आलं. मोबाइलवर शोधलं तर थोड्याच वेळात एएलएस हे नाव समोर आलं. अमायोट्रॉफिक लॅटरल स्क्लेरोसिस. स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी या आजारात एकेक करून मरतात. हात जातात, पाय जातात, गिळणं जातं, शेवटी श्वास. बरा करणारं औषध नाही. लक्षणं सुरू झाल्यापासून बहुतेकांच्या हातात दोन ते पाच वर्षं असतात, असं वाचलं आणि माझं मन आपोआप बेरीज करू लागलं. बाळ पहिलीत जाईल तेव्हा मी असेन का?

त्यानंतर माझे दिवस कसे गेले ते सविस्तर सांगते, कारण या भीतीतून जाणारी दुसरी कोणी हे वाचत असेल तर तिला ओळख पटावी. सकाळी उठल्याबरोबर टाचांवर चालून बघायचं, मग चवड्यांवर. आरशासमोर जीभ बाहेर काढून ती थरथरते का ते पाहायचं. शिवणाच्या टेपने दोन्ही पोटऱ्या मोजायच्या. वर्गात खडू हातातून पडला तर उरलेला तास कसा संपला ते कळायचं नाही. जोडाक्षरांनी भरलेलं एकच वाक्य रोज मोबाइलवर रेकॉर्ड करायचं आणि कालच्या आवाजाशी ताडून बघायचं. पोटरीचे व्हिडिओ काढून ठेवायचे. रात्री नवऱ्याला विचारायचं, 'मी नीट बोलतेय ना?' तो म्हणायचा, 'अगं, अगदी नीट.' तेवढ्यापुरतं छातीवरचं ओझं उतरायचं, आणि पाणी पिऊन परत येईपर्यंत पुन्हा चढलेलं असायचं.

मरणाची भीती ही त्यातली लहान भीती होती, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. मोठी भीती वेगळी होती. बाळाला उचलताना हात साथ देतील का? त्याला हाक मारायला आवाज राहील का? आणि सगळ्यात वाईट म्हणजे, आईला हळूहळू विझताना पाहणं हीच त्याची पहिली आठवण असेल का? एरवी माणूस स्वतःपुरता घाबरतो. गरोदर बाई दोघांसाठी घाबरते, आणि त्यातल्या दुसऱ्याला अजून डोळ्यांनी पाहिलेलंही नसतं. लोरी गाताना माझी जीभ अडखळते आहे असं स्वप्न मला पडायचं. घरात पाळणा आणायचा विषय निघाला की मी उठून दुसऱ्या खोलीत जायचे. सगळ्यांना वाटायचं, हिला बाळाची ओढच नाही.

आता त्या लेखात जे यायला हवं होतं ते. गरोदरपणात शरीर इतकं बदलतं की नसा आणि स्नायू खुणा देणारच. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे श्वास खोल होतो आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड नेहमीपेक्षा कमी राहतो. त्यात भीतीने श्वास आणखी जलद झाला की ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना झिणझिण्या येतात. म्हणजे भीतीच लक्षण तयार करते आणि ते लक्षण पाहून भीती वाढते. अंगावर सूज आली की मनगटातल्या अरुंद जागेतून जाणारी नस दबते. मग अंगठा आणि शेजारची दोन बोटं रात्री बधिर होतात, कधी हातातून भांडं सुटतं. याला कार्पल टनेल म्हणतात आणि बाळंतपणानंतर बहुतेकींचं ते कमी होतं. पोट वाढलं की मांडीच्या बाहेरच्या बाजूला जाणारी नस ताणली जाऊन तिथली कातडी बधिर होऊ शकते. पायात गोळे येतात. रात्री पाय सतत हलवावेसे वाटणं हा प्रकार साधारण पाचातल्या एका गरोदर बाईला होतो. चेहऱ्याची एक बाजू अचानक लुळी पडणारा बेल्स पाल्सी हा आजारसुद्धा गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या दिवसांत एरवीपेक्षा जास्त दिसतो, आणि बहुतेक जणी त्यातून बऱ्या होतात. राहिलं स्नायूंचं फडफडणं. थकवा, अपुरी झोप, चहा-कॉफी आणि काळजी ही त्याची ठरलेली कारणं. पाचव्या महिन्यात, रात्री उशिरा वह्या तपासणाऱ्या बाईकडे यातलं काय नव्हतं?

गणिताची शिक्षिका म्हणून आणखी एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. एएलएस झालेल्यांपैकी अनेकांचे स्नायू फडफडतात, हे खरं. त्यावरून स्नायू फडफडणाऱ्यांपैकी अनेकांना एएलएस असतो, असं ठरत नाही. हा आजार लाख लोकांमागे वर्षाला साधारण दोघांना होतो आणि त्यांतले बहुतेक पन्नाशी ओलांडलेले असतात. उलट स्नायू कधी ना कधी फडफडला नाही असा माणूस शोधूनही मिळणं कठीण. शिवाय या आजारात खरी खूण असते ती ताकद जाण्याची. शर्टाचं बटण लागत नाही, पाऊल फरपटतं, स्नायू दिसण्याइतका वाळतो. अशक्त वाटणं आणि तपासणीत ताकद कमी आढळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने १९९३ साली एक पाठपुरावा प्रसिद्ध केला होता. स्नायू फडफडतात पण तपासणीत बाकी काही सापडत नाही अशा १२१ जणांवर त्यांनी लक्ष ठेवलं होतं, काहींवर तर तीस वर्षांहून अधिक काळ. त्यांतल्या एकालाही हा आजार झाला नाही.

अशी माहिती लक्षणांच्या यादीशेजारी दोन ओळींत बसते. ती छापली जात नाही, याचं मला वाईट वाटतं. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दाखवलं होतं की साधं लक्षण इंटरनेटवर शोधायला गेलेला माणूस फार सहज दुर्मिळ आणि भयंकर आजारांच्या पानांवर पोचतो. डोकेदुखी शोधली की मेंदूतली गाठ समोर येते, कारण पानं लिहिली जातात ती गाठीवर, अपुऱ्या झोपेवर नाही. छापील वर्तमानपत्राने तरी तेच करू नये.

अर्थात नुसत्या आकड्यांनी माझं भागलं असतं तर मी वर्गात शिकवते तोच धडा घरी वाचला असता आणि झोपले असते. तसं झालं नाही. लाखात दोन म्हटलं की मन म्हणायचं, ते दोघे कोणीतरी असतातच ना. पन्नाशीनंतर म्हटलं की स्टीफन हॉकिंग आठवायचे, कारण १९६३ साली त्यांच्या आजाराचं निदान झालं तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते. ते त्यानंतर पंचावन्न वर्षं जगले, हे मात्र आठवायचं नाही. आजाराच्या भीतीने पछाडलेलं मन पुरावे असंच वेचतं. म्हणून अशा बाईशी वाद घालून तिला हरवता येत नाही. तिची समजूत कमी पडते आहे असं धरून चालणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

घरच्यांचं प्रेम होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण गरोदर बाईला हमखास सांगितलं जाणारं एक वाक्य मला फार लागलं: 'असे विचार करू नकोस, बाळावर परिणाम होईल.' सासूबाई काळजीने म्हणायच्या, आई फोनवर म्हणायची, तपासणीच्या रांगेत शेजारी बसलेली अनोळखी बाईसुद्धा म्हणाली. त्या एका वाक्याने भीतीवर दुसरी भीती चढली. आता घाबरणं हाच गुन्हा झाला. मी बोलणं बंद केलं. हसून 'बरी आहे' म्हणायला लागले आणि न्हाणीघरात दार लावून टाचांवर चालायला लागले. मनात आलेला वाईट विचार बाळाला इजा करत नाही. महिनोन् महिने चाललेली, झोप-भूक घालवणारी चिंता मात्र आईसाठी आणि बाळासाठीही चांगली नसते, आणि म्हणूनच तिच्यावर उपचार करायचे असतात. गप्प बसवणं म्हणजे उपचार नव्हे.

दवाखान्यात दर वेळी वजन झालं, रक्तदाब झाला, हिमोग्लोबिन, साखर, बाळाचे ठोके, सगळं वेळच्या वेळी झालं. एकदा धीर करून पोटरीबद्दल बोलले तर 'होतं असं, आराम करा' एवढंच उत्तर मिळालं. उत्तर बरोबर होतं. पण पायाला हात न लावता दिलेलं बरोबर उत्तर भीतीच्या उपयोगी पडत नाही.

उपयोगी पडली ती पुढे भेटलेली मेंदूविकारतज्ज्ञ डॉक्टर. तिने आधी मला बोलू दिलं. मग हातोडीने गुडघे-घोटे तपासले, तळव्यावरून टोकदार वस्तू ओढली, एकेका बोटाची ताकद स्वतःच्या बोटांनी अजमावली, जीभ पाहिली, मला चालवलं, खुर्चीवरून हात न टेकता उठवलं. तपासताना ती सांगत होती की इथे मी हे शोधते आहे आणि ते इथे नाही. ईएमजीची, म्हणजे स्नायूंतले विजेचे संदेश मोजणाऱ्या तपासणीची, गरज नाही, आणि का नाही, हेही तिने समजावलं. शेवटी म्हणाली, 'पोटरीचा प्रश्न इथे मिटला. पण तुम्ही झोपत नाही, जेवत नाही, दिवसभर स्वतःला तपासता. तो आजार आहे आणि त्यावर औषधपाणी आहे. त्यासाठी मी तुम्हाला पाठवते आहे.' तुम्हाला काहीही झालेलं नाही, असं ती म्हणाली नाही. त्याबद्दल मी तिची आयुष्यभर ऋणी राहीन.

मानसोपचारात विचार आणि वर्तन या दोन्हींवर काम करणारी सीबीटी नावाची पद्धत वापरली गेली. आजाराच्या भीतीवर तिचा उपयोग होतो, हे चांगल्या चाचण्यांतून दिसलेलं आहे. माझ्याबाबत तिचा गाभा साधा होता आणि करायला फार अवघड. तपासायचं नाही. आरसा नाही, टेप नाही, रेकॉर्डिंग नाही, शोध नाही. इच्छा झाली की ती आधी थोडी पुढे ढकलायची, मग आणखी. नवऱ्यालाही शिकवलं गेलं. 'नीट बोलतेय ना?' या प्रश्नाला तो आता उत्तर द्यायचा नाही, म्हणायचा, 'भीती वाटतेय ना? बस, मी आहे.' पहिले दिवस मला ते निर्दय वाटलं, आणि त्यालाही जड गेलं. पण पुन्हा पुन्हा मिळणारा दिलासाच या भीतीला जगवतो, हे मानसशास्त्रज्ञ १९८० च्या दशकापासून सांगत आले आहेत आणि ते माझ्या घरात मला दिसलं. पोटरी फडफडायची थांबली नाही. माझं तिच्याकडे वळून बघणं कमी झालं. काहींना यासोबत गोळ्याही लागतात. गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना डॉक्टरांच्या देखरेखीखाली देता येतील अशी औषधं आहेत, सर्ट्रालीन हे त्यांतलं एक. आधीपासून गोळ्या चालू असतील तर दिवस गेल्याचं कळताच आपल्या मनाने त्या बंद करणं धोक्याचं असतं.

या पत्राचा अर्थ कोणी 'गरोदरपणातली सगळी लक्षणं मनाचीच' असा काढू नये. काही गोष्टींना एक तासही थांबू नये. क्षणार्धात टोकाला पोचणारी, आयुष्यात कधी झाली नाही अशी डोकेदुखी. फिट येणं. एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलणं अचानक बरळल्यासारखं होणं, दिसेनासं होणं किंवा एकाची दोन दिसणं. विसाव्या आठवड्यानंतर जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, बरगड्यांखाली दुखणं, चेहऱ्यावर अचानक सूज. रक्तदाब १४०/९० किंवा त्यावर गेला असेल तर हे प्री-एक्लॅम्पसिया या गरोदरपणात रक्तदाब वाढवणाऱ्या आजाराचं लक्षण असू शकतं. त्यातून झटके येऊ शकतात आणि बाळंत झाल्यावरही काही आठवडे हा धोका राहतो. वेळेवर पोचलं तर उपाय आहे. तेहतीस देशांतल्या दहा हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मॅग्नेशियम सल्फेटने झटक्यांचा धोका निम्म्याहून अधिक घटला होता. उलट्या आठवडेच्या आठवडे थांबत नसतील आणि त्यात तोल जाऊ लागला, गोंधळल्यासारखं झालं तर थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, कमी पडल्याची शक्यता असते. तेही तातडीचं. जी बाई आधीच घाबरट म्हणून ओळखली जाते तिचं असं लक्षण नेमकं कानाआड केलं जातं, म्हणून हा परिच्छेद मला सोडवत नाही. चिंतेचं निदान झालेल्या बाईलाही तपासून घेण्याचा हक्क असतो.

ज्यांना खरोखर असा आजार आहे त्याही आपला लेख वाचत असतात. मेंदू आणि मज्जारज्जूतल्या चेतातंतूंचं आवरण खराब करणारा मल्टिपल स्क्लेरोसिस हा आजार तरुण स्त्रियांत जास्त दिसतो आणि एके काळी अशा स्त्रियांना मूल होऊ देऊ नका असं सांगितलं जायचं. १९९८ साली युरोपातल्या २५४ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत आजार उसळण्याचे प्रसंग सुमारे ७० टक्क्यांनी कमी झाले होते. बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत ते वाढले, म्हणून त्या काळात आधार आणि औषधयोजना आधी ठरवून ठेवावी लागते. पण त्या स्त्रिया आई झाल्या. निदानाच्या शब्दापाशी आयुष्य संपतं अशा सुरात लिहिलेले लेख त्यांच्यावरही अन्याय करतात.

स्त्रीरोगतज्ज्ञांना विनंती आहे की रक्तदाबाच्या पट्ट्याशेजारी दोन प्रश्नांनाही जागा द्या. गेल्या काही दिवसांत सतत अस्वस्थ, धास्तावल्यासारखं वाटलं का? काळजी थांबवू म्हटलं तरी थांबत नाही असं झालं का? ब्रिटनच्या २०१४ सालच्या मार्गदर्शक सूचनांत गरोदर स्त्रियांना हे प्रश्न विचारावेत असं म्हटलं आहे. बाळंतपणाच्या काळातलं नैराश्य ओळखण्यासाठी १९८७ पासून वापरात असलेली एडिनबरा प्रश्नावली दहा प्रश्नांची आहे आणि तीत चिंतेवरचे प्रश्नही आहेत. गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर सुमारे पाचातल्या एकीला चिंतेचा कोणता ना कोणता विकार असतो, असं अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष सांगतो. म्हणजे तपासणीच्या रांगेत अशी कोणीतरी रोज बसलेली असते. तिला नुसतं 'कशाची भीती वाटते?' असं विचारलं तरी ती बोलेल. मी बोलले असते.

आणि आपल्याला विनंती अशी की पुढच्या वेळी अशा आजारांवर लेख छापाल तेव्हा लक्षणांच्या चौकटीतच हे द्यावं: आजार किती जणांना होतो, कोणत्या वयात, तेच लक्षण साध्या कारणाने किती वेळा येतं, आणि गरोदर वाचकांनी काय वेगळं लक्षात घ्यावं. तातडीची लक्षणं वेगळी काढून द्यावीत. जागा कमी असेल तर भयानक छायाचित्र गाळावं. लेख छापण्यापूर्वी एखाद्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडून आणि मानसोपचारतज्ज्ञाकडून तो वाचून घेतला तर फारच बरं.

पत्र छापल्यास माझं नाव देऊ नये. माझ्या विद्यार्थ्यांच्या घरी आपला अंक येतो आणि त्यांच्याशी याबद्दल बोलायचं झालं तर ते मला समोरासमोर बोलायचं आहे. या भीतीतून जाणाऱ्या एखाद्या वाचक बाईने आपल्याकडे चौकशी केली, तर तिचं पत्र माझ्याकडे पाठवावं. मी तिला उत्तर लिहीन.

आपली विश्वासू,
एक शिक्षिका